लस विम्यावर सोडता येत नाही

कोविडची साथ ओसरली तसे आरोग्यधोरणाच्या चर्चेत एक मत रूढ होत गेले आणि आज ते जवळजवळ गृहीतच धरले जाते. पुढच्या महामारीत सरकारने सगळ्यांना सरसकट फुकट लस टोचण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येकाला आरोग्यविम्याचे कवच द्यावे, लसीचा खर्च त्या कवचात बसवावा, ज्यांना हप्ता झेपत नाही त्यांचा हप्ता सरकारी तिजोरीतून भरावा आणि बाकीचे काम दवाखाने, औषध दुकाने आणि कंपन्यांवर सोपवावे, असे हे मत. पैशाची सोय झाली की लस लोकांपर्यंत पोहोचतेच, असा त्यामागचा विश्वास.

या मताला कमी लेखण्यात अर्थ नाही. ते मांडणाऱ्यांत गरिबांबद्दल खरी आस्था असलेली माणसे आहेत. ते विचारतात, प्राथमिक आरोग्य केंद्रांतली पदे रिकामी पडलेली असताना सगळा भार त्याच यंत्रणेवर का टाकायचा? ज्याच्या दारात दोन मोटारी उभ्या आहेत त्याची लस करदात्यांच्या पैशातून का? फुकट मिळालेल्याची माणसाला कदर नसते, हे आपण रोज पाहतो ना? आणि शेवटी अमेरिकेचा दाखला देतात : तिथे कायद्यानेच विमा कंपन्यांना लसीचा खर्च उचलायला लावला आणि कोणाच्याही खिशाला चाट बसली नाही. हे चारही युक्तिवाद ऐकताना पटतात. पण २०२१ पासूनच्या काही वर्षांत त्यांची प्रत्यक्षात परीक्षा होऊन गेली आहे, आणि तिचा निकाल वाचायचे कष्ट फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत.

आधी पैशाचेच बघू. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राकडे पैसे होते. १८ ते ४४ वयाच्या सगळ्यांना राज्य मोफत लस देईल, असा निर्णय एप्रिलच्या अखेरीस मंत्रिमंडळाने घेतला. या वयोगटात राज्यात पावणेसहा कोटींच्या आसपास माणसे. प्रत्येकी दोन याप्रमाणे सुमारे बारा कोटी डोस. खर्च साधारण साडेसहा हजार कोटी रुपये. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीरपणे सांगितले की बारा कोटी डोस एकरकमी चेक देऊन घ्यायची आपली तयारी आहे. विमा कंपनी जे काम करते, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने पैसे मोजायचे, ते काम राज्य सरकार एका चेकवर करायला बसले होते. पुढे काय झाले? मेच्या दुसऱ्या आठवड्यात या वयोगटाचे लसीकरण राज्याला थांबवावे लागले. त्यांच्यासाठी घेतलेली कोव्हॅक्सिन पंचेचाळिशीच्या पुढच्या, दुसऱ्या डोसची तारीख उलटत चाललेल्या लोकांकडे वळवावी लागली. मुंबई महापालिकेने एक कोटी डोससाठी जगभरातून पुरवठादार मागवले. नऊ जण पुढे आले आणि कागदपत्रे तपासल्यावर एकही उरला नाही. पंजाबने मॉडर्नाकडे विचारणा केली, तर आम्ही फक्त केंद्र सरकारशी व्यवहार करतो, असे उत्तर आले. दिल्लीलाही तेच ऐकावे लागले.

देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला पैसे हातात असून लस मिळाली नाही. तिथे हप्ता भरलेल्या एखाद्या एसटी कंडक्टरचे विमा कार्ड काय करणार होते? टंचाईच्या काळात खरेदीदार वाढले की माल वाढत नाही, भाव वाढतो. १ मे ते २० जून २०२१ या सात आठवड्यांत ते सगळ्या देशाने पाहिले. एकच कोव्हिशिल्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३०० ला (तेही आधी सांगितलेले ४०० कमी करून) आणि खासगी रुग्णालयांना ६०० ला. कोव्हॅक्सिन केंद्राला १५०, राज्यांना ४००, खासगी रुग्णालयांना १,२००. कुपी तीच, औषध तेच, कारखानाही तोच. उत्पादनाचा मोठा वाटा खासगी रुग्णालयांसाठी राखला गेला आणि तो बहुतांशी महानगरांतल्या मोठ्या साखळ्यांनी उचलला. तालुक्याच्या नर्सिंग होमला एवढी मोठी आगाऊ ऑर्डर द्यायची ऐपत नव्हती. कांदिवलीच्या एका सोसायटीत मेच्या अखेरीस ३९० रहिवाशांनी प्रत्येकी १,२६० रुपये मोजून शिबिरात लस घेतली आणि ती लसच नव्हती, हे नंतर उघड झाले. ही माणसे निष्काळजी नव्हती. सरकारी रांगेत लस मिळत नाही, बाजारात ती विकत मिळते असे सांगितले जाते, मग बाजारात गेलेला माणूस आणखी काय करणार?

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, एल. नागेश्वर राव आणि एस. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने ३१ मेच्या आदेशात या धोरणाला प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कविसंगत म्हटले. अर्थसंकल्पात लसीसाठी ठेवलेले ३५,००० कोटी कसे खर्च झाले आणि त्यातून १८ ते ४४ च्या लोकांना लस का देता येत नाही, असा थेट प्रश्न विचारला. आठवड्याभरात, ७ जूनला, पंतप्रधानांनी धोरण फिरवले आणि २१ जूनपासून केंद्राने पुन्हा तीन चतुर्थांश लस स्वतः विकत घेऊन राज्यांना फुकट द्यायला सुरुवात केली. देशाचे लसीकरण खऱ्या अर्थाने वेगात आले ते त्यानंतर. २१ ऑक्टोबरला शंभर कोटी डोस पूर्ण झाले. उत्पादन वाढल्याचा त्यात मोठा वाटा आहे, हे खरेच. पण वाढलेले उत्पादन गावापर्यंत गेले ते एकाच खरेदीदारामुळे. उरलेला चौथा हिस्सा खासगी रुग्णालयांसाठी तेव्हाही राखीव होता आणि त्यांच्याकडून तेवढी लस कधीच टोचली गेली नाही, हे केंद्राने संसदेतही मान्य केले.

आता विम्याकडे वळू. त्याच्या विरोधात मला काही म्हणायचे नाही. घरातले माणूस आयसीयूत गेल्यावर दागिने गहाण पडू नयेत म्हणून विमा हवाच. पण आपल्याकडे तो कशासाठी बेतला आहे, हे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत, ज्या घरात निदान एका माणसाला कुठल्यातरी आरोग्यविम्याचे किंवा योजनेचे संरक्षण आहे अशी घरे देशभरात ४१ टक्के निघाली. महाराष्ट्राचा आकडा त्याहून बराच खाली. ज्यांच्याकडे विमा होता त्यांचा विमा रुग्णालयात दाखल होण्याचा. २०१८ ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत देते, ते दाखल झाल्यावर. आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्या नागरिकांना खुली झाली, तीही ठरावीक उपचारांसाठी, ठरावीक रुग्णालयांत. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये सहसा चोवीस तास खाटेवर असल्याशिवाय दावा उभा राहत नाही. जुलै २०२० मध्ये विमा नियामकाच्या सांगण्यावरून ‘कोरोना कवच’ नावाची खास पॉलिसी आली. तिच्यातही उपचार होते, लस नव्हती. मार्च २०२१ मध्ये नियामकाने स्पष्ट केले की लस घेतल्यानंतर त्रास होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर विमा लागू होईल. लस टोचण्याचा खर्च मात्र बाहेरच राहिला.

यावर उत्तर तयार असते : मग पॉलिसी बदला, लस आत घाला. बदलता येईल. पण विम्याच्या मुळाशी जे गणित आहे ते बदलता येत नाही. विमा चालतो तो शंभरांतल्या चार जणांवर संकट येते, उरलेल्या शहाण्णवांवर येत नाही, या हिशेबावर. महामारीत सगळ्यांना एकाच महिन्यात एकच गोष्ट हवी असते. पॉलिसी एका वर्षाची. या वर्षी लसीवर खर्च करणाऱ्या कंपनीला पुढच्या वर्षी तोच ग्राहक आपल्याकडे राहील याची शाश्वती नाही. प्रतीक्षाकाळ असतो, आणि विषाणू त्यासाठी थांबत नाही. नोकरीबरोबर मिळणारा गट-विमा नोकरीबरोबर जातो आणि साथ आली की नोकऱ्याच आधी जातात. या सगळ्याहून मोठी अडचण अशी की लसीचा फायदा फक्त ती टोचून घेणाऱ्याचा नसतो. तो शेजाऱ्याचा असतो, लोकलच्या डब्यात खेटून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायत गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकते तेव्हा कोणत्या घराचा विमा आहे आणि कोणत्या घराचा नाही, असे विचारून टाकत नाही. आणि विचारून टाकली तर ती कोणाच्याच कामाची राहत नाही. विमा कंपनीच्या खतावणीत शेजाऱ्याच्या फायद्याला रकाना नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तो खर्च टाळला असता.

खर्चाचाच विषय निघाला आहे तर आणखी एक हिशेब मांडतो. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या बहुतेक खाटांसाठी कोविडचे कमाल दर ठरवून दिले : साध्या विलगीकरण कक्षात दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटरसह आयसीयूत ९,०००. बाहेरून आणायची महागडी औषधे आणि काही तपासण्या वेगळ्या. म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या एका दिवसाच्या पैशात केंद्राच्या भावाने साठ डोस येत होते. लसीने ज्यांची आयसीयू वाचवली त्यांचे दावे विमा कंपन्यांना द्यावे लागले नाहीत. ती बचत कंपन्यांच्या पदरात पडली, तिच्यासाठी खर्च केला सरकारने. ‘श्रीमंताची लस करदात्याच्या पैशातून का’ असे विचारणाऱ्यांनी हा प्रश्न विमा कंपन्यांच्या ताळेबंदालाही विचारावा.

बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्यांची सर्वांत स्वच्छ परीक्षा मात्र २०२२ मध्ये झाली आणि तिची चर्चा फार कमी झाली. तोपर्यंत लसीची टंचाई संपली होती. साठा मुबलक होता, मुदत संपायची भीती होती. १० एप्रिलपासून १८ ते ५९ वयाच्या सर्वांना बूस्टर डोस खुला झाला, पण फक्त खासगी केंद्रांवर आणि पैसे देऊन. उत्पादकांनी आदल्या दिवशी भाव उतरवून २२५ रुपयांवर आणला. टोचण्याचे जास्तीत जास्त १५० धरून साधारण पावणेचारशे रुपयांत काम होत होते. लस आहे, भाव माफक आहे, दोन डोस घेतलेली आणि लसीची भीती मोडलेली माणसे आहेत. बाजाराने काम करून दाखवायला याहून अनुकूल परिस्थिती कोणती? तीन महिन्यांनी सरकारी अधिकाऱ्यांनीच सांगितले की या वयोगटातल्या सुमारे ७७ कोटी पात्र लोकांपैकी एक टक्क्यालाही बूस्टर मिळालेला नाही. मग १५ जुलैपासून ७५ दिवसांसाठी तोच डोस सरकारी केंद्रांवर फुकट केला. त्या ७५ दिवसांत पंधरा कोटींहून अधिक बूस्टर दिले गेले. तीन महिन्यांत एक टक्कासुद्धा नाही, आणि अडीच महिन्यांत पंधरा कोटी!

यावर दोन आक्षेप घेता येतील आणि ते घेतलेच पाहिजेत. एक, जुलैच्या सुरुवातीला दुसरा डोस आणि बूस्टर यांच्यामधले अंतर नऊ महिन्यांवरून सहावर आणले होते, त्यामुळे पात्र लोक वाढले. खरे आहे, पण त्याने आकडा दुप्पट-तिप्पट होईल, वीसपट होणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : पावणेचारशे रुपये देणे ज्यांना सहज शक्य होते त्यांनीही एप्रिल ते जुलैत बूस्टर घेतला नाही, म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हताच. बरोबर, निव्वळ पैशाचा नव्हता. पैसे घ्यायचे म्हणून लस खासगी केंद्रांवर ठेवली, खासगी केंद्रे शहरांत, आणि शहरांतल्याही बऱ्याच रुग्णालयांनी गिऱ्हाईक नाही म्हणून लसीकरण बंद केलेले. बिल आले की बिल घेणारा खिडकीवाला आला आणि जिथे त्याला परवडते तिथेच लस गेली. विम्याने पावणेचारशे रुपये परत मिळाले असते. पण गडचिरोलीच्या किंवा धडगावच्या माणसाने ते खर्च कुठे केले असते?

लस देणे म्हणजे हाताने करायचे काय काम असते, ते जवळून पाहिले की हे आणखी उमगते. कोव्हिशिल्डच्या कुपीत दहा डोस असतात. ती दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआर फ्रिजमधून ती निघते, बर्फाच्या पाकिटांमध्ये व्हॅक्सिन कॅरियरमध्ये बसते, कधी दुचाकीवर, कधी बोटीतून, कधी डोक्यावरून उपकेंद्रापर्यंत जाते. सिस्टरने कुपी उघडली की तिच्यावर वेळ लिहायची आणि चार तासांत दहा दंड शोधायचे. सात जण आले तर आशाताई उठते, वाडीवर जाते, कालवणाला फोडणी घालत असलेल्या बाईला अर्ध्या कामातून घेऊन येते, शेतावर गेलेल्या दोघांना निरोप धाडते. दहा पुरे होतात. केरळच्या सिस्टरांनी तर प्रत्येक कुपीत जादा म्हणून भरलेला थेंबही वाया जाऊ दिला नाही. मे २०२१ मध्ये त्या राज्याने सांगितले की केंद्राकडून ७३ लाख ३८ हजारांच्या आसपास डोस मिळाले आणि दिले गेले ७४ लाख २६ हजारांहून जास्त. हेच काम बिलाच्या हिशेबाने करणाऱ्या दवाखान्यात तीन पेशंट आले तर डॉक्टर कुपी उघडत नाही, परवा या म्हणतो. त्यात त्याचा दोष नाही. सात डोस फेकण्याचा तोटा त्याने का सोसावा? वाडीवर जाणाऱ्या आशाताईच्या चालण्याचे बिल मात्र कुठल्याच विम्यात बसत नाही.

आता अमेरिकेचा दाखला, कारण हे मत सगळ्यात जास्त त्याच्यावर टेकलेले आहे. मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने खासगी विमा कंपन्यांना शिफारस झालेली कोविड लस ग्राहकाकडून एक पैसाही न घेता द्यायला लावली, हे खरे. पण त्या कंपन्यांनी लस विकत घेतली नव्हती. ती अमेरिकी सरकारने घेतली. फायझरच्या पहिल्या करारात डोसला साडेएकोणीस डॉलर भावाने दहा कोटी डोस. विम्याने फक्त टोचण्याची मजुरी भरली. विमा नसलेल्या अडीच कोटींहून अधिक माणसांची मजुरीही वेगळ्या सरकारी निधीतून जात होती, आणि संसदेने पैसे मंजूर केले नाहीत म्हणून तो निधी आटला, तेव्हा ५ एप्रिल २०२२ पासून त्या निधीने लसीचे दावे घेणे बंद केले. सरकार पूर्ण बाजूला झाले ते सप्टेंबर २०२३ मध्ये. तेव्हा तिथे पहिल्यांदा लस खऱ्या अर्थाने विम्याच्या हवाली झाली. फायझरचा छापील भाव १२० डॉलरच्या आसपास गेला, मॉडर्नाचा १२९ च्या. पहिल्याच आठवड्यांत विमा असलेले लोक औषध दुकानाच्या काउंटरवरून परत गेले, कारण त्यांच्या कंपनीच्या संगणकात नव्या लसीचा संकेतांक चढलेला नव्हता. आरोग्यमंत्र्यांना कंपन्यांकडे तगादा लावावा लागला. विमा नसलेल्या प्रौढांसाठी काढलेली तात्पुरती योजना ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना हे आता माहीत झाले आहे. त्यांच्या प्रवासी विम्यात लस सहसा नसतेच.

पुढे तर याहून अवघड झाले. विम्याचे बंधन तिथे एका तज्ज्ञ समितीच्या शिफारशीला बांधलेले आहे. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी त्या समितीचे सतराही सदस्य एका फटक्यात काढले. ऑगस्टच्या अखेरीस नव्या कोविड लसींची मंजुरी पासष्टीपुढच्यांपुरती आणि जोखमीच्या आजारांपुरती आखडली. काही राज्यांत दुकानदार चिठ्ठी मागू लागले. आम्ही २०२६ च्या अखेरीपर्यंत आधीच्या शिफारशी पाळू, असे विमा कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केले, तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. एका देशातल्या माणसांना लस मिळेल की नाही हे कंपन्यांच्या भलेपणावर आणि मुदतीवर येऊन ठेपावे, याला मी सोय म्हणू शकत नाही.

अमेरिकेला हे नवीनही नव्हते. १९८९ ते ९१ मध्ये तिथे गोवर उसळला. पंचावन्न हजारांच्या आसपास रुग्ण, सव्वाशेच्या आसपास मृत्यू, बहुतेक लहान मुले. त्यांतली कितीतरी मुले डॉक्टरकडे जात होती. पण आईबापांच्या विम्यात लस नव्हती किंवा विमाच नव्हता, म्हणून डॉक्टर त्यांना सरकारी दवाखान्याकडे पाठवत, आणि त्या दोन दारांच्या मध्ये मूल हरवत असे. त्यातून धडा घेऊन १९९३ मध्ये कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून गरीब, विमा नसलेल्या आणि अपुरा विमा असलेल्या मुलांसाठी सरकार लस विकत घेऊन डॉक्टरांना फुकट देऊ लागले. विम्याच्या माहेरघरालाच मुलांच्या लसीसाठी विम्याला वळसा घालावा लागला. जर्मनीचे उदाहरण याहून बोलके आहे. सक्तीच्या आरोग्यविम्याची जगातली जुनी व्यवस्था तिथली, १८८३ ची, बिस्मार्कच्या काळातली. जवळजवळ प्रत्येक माणूस विमाधारक. तरी डिसेंबर २०२० मध्ये लस आली तेव्हा ती संघ सरकारने विकत घेतली, राज्यांनी लसीकरण केंद्रे उभारली, आणि नियमात लिहिले की विमा असो वा नसो, लस मिळेल. नेहमीच्या विमा व्यवस्थेकडे ती सोपवली २०२३ मध्ये, महामारी सरल्यावर. ज्यांचा विमा सर्वांत भरवशाचा, त्यांनीही महामारीच्या लसीसाठी तो बाजूला ठेवला.

फुकटाची कदर नसते, हा युक्तिवाद उरला. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, तिथून भारतातला देवीच्या लसीचा प्रवास सुरू झाला. आमच्या आजीच्या पिढीच्या दंडावर देवीचे जे वण होते, ते गावोगाव फिरणाऱ्या टोचणाऱ्यांनी काढलेले; कोणी बिल दिले नव्हते. मे १९७५ नंतर देशात कोणाच्या अंगावर देवी उठल्या नाहीत. १९९५ पासून रविवारी बूथवर पोलिओचे दोन थेंब पाजले गेले, उरलेल्या मुलांसाठी घरोघर माणसे फिरली, आणि १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा रुग्ण सापडला नाही. इतकी कदर विकत घेतलेल्या कुठल्या औषधाची झाली आहे, ते कोणी सांगावे.

माझ्या बाजूतही एक दुखरी जागा आहे आणि ती झाकून चालणार नाही. लस फुकट होती तरी नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला औरंगाबाद, नंदुरबार, बुलढाणा, हिंगोली, नांदेड आणि अकोला या आपल्या सहा जिल्ह्यांत पहिल्या डोसचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्याही खाली होते. त्याआधी मे महिन्यात ज्याच्या हातात चांगला फोन आणि वेगाचे इंटरनेट त्याने कोविन ॲपवर स्लॉट पकडला; पुण्या-मुंबईचे लोक मोटारीने ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेऊन आले आणि त्या गावचा माणूस दारात उभा राहून बघत राहिला. म्हणजे फुकट असणे पुरेसे नाही. पण या उणिवा ज्या रीतीने भरून निघाल्या ती पाहा. ऑक्टोबरात राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ चालवले, नोव्हेंबरपासून ‘हर घर दस्तक’ आली. ॲप बाजूला ठेवून नाव जागेवर लिहून घेतले, माणसे दाराशी गेली. कुठेकुठे घाईत रेशन आणि पेट्रोल अडवण्याचे आदेश निघाले. ते मला मान्य नाहीत, भुकेला लसीच्या पाठी लावू नये. तरी प्रत्येक ठिकाणी उपाय सापडला तो यंत्रणा आणखी जवळ नेण्यात. कुठल्याही जिल्ह्याचा आकडा विमा वाढल्याने वर गेलेला नाही.

तर मग करायचे काय? महामारीच्या लसीची खरेदी देशभर एकाच हाताने व्हावी, भाव एकच असावा आणि तो जाहीर असावा. खरेदीआधी उत्पादनाची तयारी हवी. परळच्या हाफकिन संस्थेची मुळे १८९७ च्या प्लेगच्या लसीत आहेत. वाल्डेमार हाफकिन यांनी ती याच मुंबईत तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच नावाच्या सार्वजनिक कंपनीला कोव्हॅक्सिन बनवायची परवानगी मिळाली एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट अंगावर आल्यानंतर. तिथून वेळेवर लस बाहेर येणे तेव्हाच अशक्य होऊन बसले होते. असे कारखाने साथ नसतानाच्या वर्षांत चालू ठेवण्यावर पैसे खर्च झाले पाहिजेत. हप्त्यांवर उधळायचे पैसे तिथे वळवा. लस टोचताना कोणतेही कार्ड मागू नये. आणि विमा कंपन्यांना या कामातून पूर्ण मोकळेही सोडू नये : लसीमुळे त्यांचे जे दावे वाचतात, त्यातून ठरावीक वाटा त्यांनी लसनिधीत भरावा.

विम्याच्या तत्त्वाला लसीकरणात एक योग्य जागा आहेच, आणि नेमकी तीच आपण रिकामी ठेवली. कोट्यवधींना लस दिली की अगदी थोड्यांना गंभीर इजा होते, क्वचित मृत्यूही. संकट मोजक्यांवर येते आणि भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हे विम्याचे खरे काम. सगळ्यांच्या भल्यासाठी दंड पुढे केलेल्या त्या माणसाच्या घराला दोष सिद्ध करत बसायला न लावता भरपाई मिळायला हवी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन ही जबाबदारी नाकारली आणि दोन मुली गमावलेल्या दोन कुटुंबांना दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवला. लसीवरचा विश्वास अफवांनी जितका ढासळला नसेल तितका अशा उत्तरांनी ढासळतो.

हे सगळे कुठे लिहायचे, तर त्यासाठी एक कायदा आधीपासून आहे. साथरोग अधिनियम १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या काळात घाईघाईने केलेला. अवघ्या चार कलमांचा तो कायदा होता : सरकारला साथ रोखण्यासाठी वाटतील ते नियम करण्याचे अधिकार, ते मोडणाऱ्याला शिक्षा, ते राबवणाऱ्याला संरक्षण. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी, आणि ती योग्यच होती. पण सव्वाशे वर्षांत त्या कायद्यात नागरिकाला सरकारकडून काय मिळालेच पाहिजे, याची एकही ओळ आलेली नाही. पहिली ओळ लसीची असावी : महामारीची लस भारतात राहणाऱ्या प्रत्येकाला, त्याच्या वस्तीजवळ, बिनपैशाने आणि विमा न विचारता देणे सरकारवर बंधनकारक राहील.